क्लच प्लेट बदलायची वेळ आली नाही

माझी गाडी जुनी डिझेल पिकअप, मागे ट्रॉलीवर जनरेटर. चोर्ला घाट चढताना केरीच्या पुढे आरपीएम (इंजिनचे फेरे) चढायचा, वेग मात्र तोच. आणि केबिनमध्ये जळका वास. मेकॅनिक म्हणाला, "क्लच प्लेट गेली, बदलूया."

खर्च ऐकून मी आधी क्लच पेडल हातानेच दाबून पाहिलं. वरच्या टोकाला मोकळी चाल, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची ढिली हालचाल, अजिबात नाही! म्हणजे रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग) सतत दाबलेलं आणि प्लेट अर्धवट धरलेली. केबलचा नट फिरवून मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी चाल ठेवली. मग हँडब्रेक ओढून, चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन धाडकन बंद पडलं. प्लेट घसरली असती तर ते चालूच राहिलं असतं; ती धरत होती!

दुसरी खोड माझीच. चढावर थांबलो की गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धंच दाबून, तोलून धरायचो; त्यात प्लेट घासते. आता हँडब्रेकवर थांबतो, पहिल्यातच सुटतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरतं. जनरेटरही ट्रॉलीच्या चाकांच्या जरा पुढे सरकवून बांधला, कारण मागे जड झाली की ती शेपूट हलवते. प्लेट अजून तीच आहे. मेकॅनिक भेटला की हसतो, बस्स.