हवेची टाकी डिझाइन करताना : जाडी सोपी आहे, भोकं आणि पाणी अवघड

टाकीची जाडी काढायला दहा मिनिटं लागतात. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत गेली अठरा वर्षं मी कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाक्या डिझाइन करते. दुरुस्तीला आलेल्या टाक्यांमध्ये सरळ शेलच्या (मधल्या नळकांड्याच्या) मधोमध गेलेली टाकी मला अजून दिसलेली नाही. टाकी खराब होते ती तळाला, नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) कडेला, डिशच्या (टोकाच्या फुगीर झाकणाच्या) वाकाला. तरी नवीन मुलं कागदावर सगळा वेळ शेलच्या जाडीलाच देतात. म्हणून एक ५०० लिटरची टाकी घेऊन, मी ज्या क्रमाने विचार करते त्याच क्रमाने सांगते.

गिऱ्हाईक फाउंड्रीवालं आहे असं धरा. कॉम्प्रेसर मिनिटाला ५० घनफूट हवा देतो, म्हणजे सेकंदाला साधारण २४ लिटर. पहिला प्रश्न दाबाचा विचारू नका. हवा एकदम किती लागते आणि किती वेळात, ते विचारा. कोअर शूटरला (हवेच्या झोताने वाळूचे गाभे बनवणाऱ्या मशीनला) दोन सेकंदांत २५० लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबाला मोजलेली, हवा लागत असेल, तर तेवढ्या वेळात कॉम्प्रेसर जेमतेम ४८ लिटर देणार, उरलेली २०० टाकीतून जाणार. हिशेब सोपा आहे : ५०० लिटरच्या टाकीत दाब १ बार उतरला की ५०० लिटर मोकळी हवा बाहेर पडते. म्हणजे एका शॉटला ०.४ बार उतार. मशीनला चालत असेल तर टाकी बरोबर, नाहीतर मोठी घ्या. हा हिशेब न करता ‘सगळे ५०० लिटरचीच घेतात’ म्हणून घेतलेल्या टाक्या मी खूप पाहिल्यात.

आता मापं. आतला व्यास ६०० मिलिमीटर घ्या. बाजारात प्लेट १५०० मिलिमीटर रुंदीची सहज मिळते. शेल १५०० लांब, दोन्हीकडे २:१ लंबवर्तुळी डिश आणि प्रत्येक डिशला ४० मिलिमीटरची सरळ कड, असं धरलं तर आकारमान ५०३ लिटर भरतं. प्लेट कापायची नाही, मधला गोल जोड नाही. असा आकडा जुळला की मला फार समाधान वाटतं, कारण वाचलेला प्रत्येक जोड ही टाकीची कमी झालेली एक कमजोर जागा असते.

जाडीसाठी आम्ही दाबपात्रांचा अमेरिकन कोड, एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ वापरतो. आपल्याकडचा भारतीय कोड आयएस २८२५ ही आहे. सूत्र असं : दाब गुणिले त्रिज्या, भागिले कंसातलं ‘परवानगीचा ताण गुणिले जोडाची कार्यक्षमता, वजा ०.६ दाब’. डिझाइन दाब ११ बार म्हणजे १.१ मेगापास्कल, त्रिज्या ३००. एसए ५१६ ग्रेड ७० या पोलादी प्लेटचा परवानगीचा ताण १३८ मेगापास्कल. जोड दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेला पण एक्स-रे न काढलेला असेल तर कार्यक्षमता ०.७० धरायची, ठिकठिकाणी काढला तर ०.८५, पूर्ण काढला तर १. एक्स-रे न काढता उत्तर येतं ३.४४ मिलिमीटर. त्यात गंजासाठी १.५ आणि प्लेटच्या जाडीतल्या फरकासाठी ०.३ मिळवा, ५.२४ होतात, ६ ची प्लेट घ्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ०.७० म्हणजे वेल्ड ७० टक्के मजबूत आहे असं नाही. तुम्ही तो आतून पाहिलेला नाही, म्हणून कोड तुमच्याकडून जादा लोखंड भरून घेतो.

डिशवर जरा थांबा. २:१ लंबवर्तुळी डिश अखंड प्लेटची असेल तर याच दाबाला २.८ मिलिमीटर पुरते. तीच डिश चपट्या धाटणीची, म्हणजे टोरीस्फेरिकल, वाकाची त्रिज्या ६ टक्के असलेली घेतली तर ५ मिलिमीटर लागते. व्यास तोच, दाब तोच, आणि जाडी पावणेदोन पटीच्या वर. कारण चपट्या डिशचा सगळा त्रास त्या लहान त्रिज्येच्या वाकात गोळा होतो. आणि दाबून आकार देताना प्लेट नेमकी तिथेच पातळ होते. म्हणून डिशवाल्याला ऑर्डर देताना ‘६ ची डिश’ असं कधीच लिहू नका. ‘आकार दिल्यानंतर कुठेही किमान इतके मिलिमीटर’ असं लिहा आणि डिश आली की वाकावर अल्ट्रासोनिक जाडीमापक फिरवा. माझ्या पहिल्या वर्षी मी हे लिहिलं नव्हतं. सहा डिश परत पाठवाव्या लागल्या, आणि चूक डिशवाल्याची नव्हती, माझ्या कागदाची होती.

भोकं. पात्राच्या भिंतीत गोलाईच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे उभा जोड सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यामुळेच भोक कसं ठेवता यालाही फार अर्थ आहे. आत बघायला १०० बाय १५० चं लंबगोल हँडहोल ठेवलं असं समजा. लांब बाजू टाकीच्या उंचीकडे ठेवली तर १५० गुणिले २.४, म्हणजे ३६० चौरस मिलिमीटर लोखंड गेलं, २.४ ही तिथली लागणारी जाडी (भोक जोडावर नाही, म्हणून कार्यक्षमता १ धरून). ६ च्या प्लेटमधून गंज आणि फरक वजा जाता ४.२ उरतात, म्हणजे १.८ जादा, त्यातून २७० मिळतात. ९० कमी पडले. तेच हँडहोल फिरवून आखूड बाजू उंचीकडे घेतली तर तूट ६० वर येते. एक पैसा न घालता फक्त दिशा बदलली. उरलेली तूट बाहेरून पॅड, म्हणजे भोकाभोवती जादा प्लेट, लावून भरून काढा आणि त्या पॅडला एक लहान टेलटेल भोक ठेवायला विसरू नका. त्यातून थोडी हवा सोडून साबणाचं पाणी लावलं की आतली वेल्ड गळत असेल तर बुडबुड्यांनी बोलते. दोन इंची नोझलसारख्या लहान भोकांना एवढ्या पातळ प्लेटमध्ये कोड हा हिशेब मागत नाही. तिथे वेल्ड पूर्ण आत उतरलेली हवी, एवढंच पाहा. पायांना टाकीशी थेट जोडू नका, मध्ये पॅड द्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते : पाणी. पावसाळ्यात आपल्याकडच्या एक घनमीटर हवेत सहज २४ ग्रॅम वाफ असते. ५० घनफुटी कॉम्प्रेसर तासाला ८५ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे दोन लिटर पाणी. ७ बारला दाबून हवा ३५ अंशांपर्यंत थंड झाली की त्यातली जेमतेम चारशे ग्रॅम वाफ हवेत राहते. उरलेलं दीड लिटरच्या वर पाणी दर तासाला टाकीत आणि पाइपात. आठ तासांच्या पाळीला बारा-तेरा लिटर, एक बादली.

एका टाकीचा ड्रेन (पाणी काढायचं तोंड) डिशच्या तळाला न देता कडेला दिला होता, करायला सोपं म्हणून. शिवाय सॉकेट आत बोटभर पुढे आलेलं. ड्रेन रोज उघडत होते, तरी तळाला पाणी कायम उभं राही. ती आमच्याकडे आली तेव्हा शेलवर ५.८ मिलिमीटर जाडी मिळत होती आणि तळाला, गंजाच्या एका खड्ड्यात, २.९. वरून रंग अगदी नवा होता. म्हणून ड्रेन सर्वांत खालच्या बिंदूलाच, आतून सपाट घासलेला, आणि खाली बादली बसेल एवढे पाय उंच. ड्रॉइंगवर ‘आतून सपाट’ हे शब्द लिहा. लिहिले नाहीत तर होत नाही.

हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, डिझाइन दाबाच्या १.३ पट, इथे १४.३ बार. पाणी कुठून आणायचं म्हणून कोणी हवेनेच दाब द्या म्हणालं तर काम थांबवा. १४.३ बारला या टाकीतल्या हवेत दहा लाख ज्यूल ऊर्जा असते. त्यात एक टनाची गाडी शंभर मीटर वर जाईल. तेवढ्याच दाबाच्या पाण्यात २३० ज्यूल, म्हणजे साखरेचं वीस-पंचवीस किलोचं पोतं मीटरभर उचलण्याइतकी. भरताना वरचा व्हेंट उघडा ठेवून सगळी हवा काढा. चाचणीच्या दाबावर कोणी टाकीजवळ जायचं नाही. दाब ११ वर उतरवा, मग जवळ जाऊन जोड बघा.

सेफ्टी व्हॉल्व्ह ११ बार किंवा त्याखाली सेट करा आणि कॉम्प्रेसरची सगळी हवा एकट्याने सोडेल असा घ्या. टाकी आणि त्याच्या मध्ये कुठलाही बंद करायचा व्हॉल्व्ह नको. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये बंद करायचा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या आधी, कॉम्प्रेसरच्या बाजूला, वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच.

टाकीपुढे पाइप, आणि तिथे माणसं अर्धा इंच वाचवतात. याच हवेला ७ बारवर ४० मीटर एक इंची पाइपात सुमारे ०.०५ बार दाब खर्च होतो. अर्धा इंची टाकला तर ०.७५ बार, एल्बो वेगळे. व्यासाचा परिणाम पाचव्या घातात होतो. मग शेवटच्या मशीनला दाब पोचत नाही, म्हणून कॉम्प्रेसरचा दाब १ बारने वाढवतात आणि वीज सहा-सात टक्के जास्त जाते, कायमची. गळतीचंही तसंच : ७ बारवरच्या ३ मिलिमीटरच्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने सुटते, सेकंदाला सुमारे १० लिटर. पाच हॉर्सपॉवरचा एक कॉम्प्रेसर त्या भोकासाठीच चालतो. मुख्य पाइपला हवेच्या दिशेने मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, शेवटी ड्रेन द्या, आणि प्रत्येक मशीनची लाइन पाइपच्या वरच्या अंगातून बाक देऊन खाली आणा. खालून काढली की पाणी आधी मशीनमध्ये जातं.

टाकी चालू झाल्यावर पहिला आठवडा ड्रेनचं पाणी बादलीत धरायला सांगा आणि रोज किती लिटर निघालं ते भिंतीवर खडूने लिहायला लावा. जुलैत कॉम्प्रेसर पूर्ण पाळी चालून दोन-तीन लिटरच निघत असेल, तर उरलेलं पाणी वाफ होऊन पुढे गेलंय आणि लाइनमध्ये गार होऊन उतरतंय. आधी आफ्टरकूलरवर (कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा थंड करणाऱ्या भागावर) हात ठेवून बघा.