नव्या एनबीए संघासाठी शहर कसं पारखायचं?

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ३० संघ आहेत. २००४ मध्ये शार्लट बॉबकॅट्स आले, त्यानंतर हा आकडा वाढलेला नाही. जुलै २०२५ मध्ये संघमालकांच्या मंडळाने लीगच्या कार्यालयाला विस्ताराचा सविस्तर अभ्यास करायला सांगितलं आणि नवा संघ कोणत्या शहराला मिळावा हा वाद पुन्हा पेटला. सिएटल, लास वेगस, मेक्सिको सिटी, लुईव्हिल, कॅन्सस सिटी, सॅन डिएगो ही नावं सतत कानावर येतात. यातलं कोणतं शहर संघ पोसू शकेल हे ठरवायला आतल्या गोटातली माहिती लागत नाही. बहुतेक आकडे जाहीर असतात. ते कोणत्या क्रमाने तपासायचे एवढं कळलं की काम सोपं होतं.

बहुतेक जण लोकसंख्या आणि चाहत्यांचा उत्साह यांपासून सुरुवात करतात. माझा आग्रह आहे की इमारतीपासून, म्हणजे सामने जिथे होतात त्या बंदिस्त स्टेडियमपासून सुरुवात करा, आणि त्याहीआधी त्या शहराचा इतिहास वाचा.

पायरी १: आधीचा संघ का गेला ते शोधा

यादीतल्या बऱ्याच शहरांत एकेकाळी संघ होता. तो का गेला याचं खरं उत्तर मिळालं की निम्मी पारख झाली.

शार्लटचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. हॉर्नेट्स संघ १९८८ मध्ये सुरू झाला आणि जवळपास २४ हजार आसनांच्या शार्लट कोलिझियममध्ये सलग ३६४ सामन्यांची तिकिटं संपली. प्रेक्षकसंख्येत हे शहर वर्षानुवर्षं लीगमध्ये पहिलं होतं. तरीही २००२ मध्ये संघ न्यू ऑर्लीन्सला गेला. ती इमारत भव्य होती, पण ज्या आलिशान खाजगी बॉक्सांमधून पुढे संघांची मोठी कमाई होऊ लागली, ते तिथे फारच थोडे होते. मालक जॉर्ज शिन यांना नवी इमारत हवी होती, पण त्यांचं आणि गावाचं इतकं बिनसलं होतं की २००१ च्या सार्वमतात मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. शहराने पुढे नवी इमारत उभारली, लीगने लगेच नवा संघही दिला. जुनं कोलिझियम वीस वर्षंही पुरं न करता २००७ मध्ये पाडलं गेलं.

सिएटलची कहाणी याच जातीची. सुपरसॉनिक्स १९६७ पासून तिथे होते आणि १९७९ मध्ये विजेतेही झाले. त्यांच्या ‘की अरीना’ या इमारतीचं १९९५ मध्ये नूतनीकरण झालं, पण बास्केटबॉलसाठी तिथे जेमतेम १७ हजार आसनं होती. भाडेकरार २०१० पर्यंतचा होता आणि उत्पन्नातला वाटा शहराला द्यावा लागे. २००६ मध्ये मालक हॉवर्ड शुल्ट्झ यांनी संघ ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला ३५ कोटी डॉलरला विकला. त्याच वर्षी सिएटलच्या मतदारांनी क्रीडा संघांना सरकारी अनुदान देण्यावर कडक बंधनं घालणारा प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर केला. २००८ मध्ये संघ गेला. शहराला तडजोडीचे साडेचार कोटी डॉलर मिळाले, शिवाय सॉनिक्सचं नाव आणि रंग सिएटलसाठी राखले गेले.

व्हँकुव्हरला मात्र वेगळ्या कारणाने फटका बसला. ग्रिझलीज तिथे १९९५ ते २००१ असे सहाच हंगाम टिकले. तिकिटांचे पैसे कॅनडियन डॉलरमध्ये येत आणि खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये जात. त्या काळात कॅनडियन डॉलर घसरत गेला, संघ सतत हरत राहिला आणि नव्या मालकाने तो मेम्फिसला नेला. मेक्सिको सिटीचा विचार करताना हे ध्यानात ठेवा.

पायरी २: इमारत कोणाची आणि पैसा कोणाच्या खिशात?

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे घाई करू नका. चार गोष्टी पाहा. बास्केटबॉलसाठी आसनं किती, खाजगी बॉक्स आणि महागड्या क्लब आसनांची सोय कशी, इमारतीची मालकी कोणाकडे, आणि पार्किंग, खानपान, जाहिराती, नामकरण हक्क यांचं उत्पन्न करारानुसार कोणाला जातं. इमारत सार्वजनिक मालकीची असेल तर करार सहसा पाहायला मिळतो. तो कंटाळवाणा असतो, पण वाचाच.

करार कसा आडवा येतो ते लुईव्हिलला दिसतं. तिथलं केएफसी यम! सेंटर २०१० मध्ये उघडलं. सुमारे २२ हजार आसनं आहेत आणि गाव बास्केटबॉलवेडं आहे. केंटकी कर्नल्स हा तिथला संघ १९७५ मध्ये एबीए या जुन्या लीगचा विजेता होता. पण या इमारतीचा मुख्य भाडेकरू लुईव्हिल विद्यापीठाचा संघ आहे, आणि तारखा व उत्पन्न या दोन्हींत विद्यापीठाची बाजू भक्कम आहे. नव्या संघाला घरच्या सामन्यांसाठी हिवाळ्याच्या ऐन दिवसांत ४१ तारखा हव्यात आणि विद्यापीठाचा हंगामही तेव्हाच असतो. इतका खर्च करून दुय्यम भाडेकरू व्हायला कोण तयार होईल?

कॅन्सस सिटीची अडचण आणखी निराळी. तिथून किंग्ज हा संघ १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला गेला. २००७ मध्ये शहराने नवी कोरी इमारत उघडली ती एखादा संघ येईल या आशेने. संघ आला नाही, पण संगीताच्या मैफली आणि कॉलेज स्पर्धांवर इमारत उत्तम चालली. आता ४१ संध्याकाळी संघासाठी राखून ठेवायच्या तर चालकांना तेवढ्याच मैफली सोडाव्या लागतील. रिकामी इमारत ही जमेची बाजू वाटते, पण ती चांगली चालत असेल तर तिथे संघाला सवलत मिळवणं कठीण जातं.

पायरी ३: तिकिटांचा भागाकार करा

आता लोकसंख्येकडे या, पण नुसता आकडा बघू नका. घरच्या ४१ सामन्यांना सरासरी १७ हजार प्रेक्षक धरले तर हंगामाला जवळपास ७ लाख तिकिटं विकायची आहेत. सिएटल महानगरात सुमारे ४० लाख लोक राहतात, म्हणजे सहा माणसांमागे साधारण एक तिकीट. लास वेगसच्या परिसरात सुमारे २३ लाख, म्हणजे तीन-साडेतीन माणसांमागे एक. लुईव्हिल महानगरात १४ लाखांच्या आसपास, म्हणजे दोन माणसांमागे एक. ओझं कुठे किती ते लगेच दिसतं.

यात शहरातल्या इतर संघांची तिकिटं मिळवा. आइस हॉकी संघाचेही घरचे सामने ४० च्या आसपास असतात, त्याच महिन्यांत आणि बहुधा त्याच इमारतीत. म्हणजे तेवढंच ओझं पुन्हा एकदा. बेसबॉलचे ८१ सामने उन्हाळ्यात होतात, त्यामुळे तारखांची टक्कर कमी, पण घरातल्या करमणुकीचा खर्च एकाच पाकिटातून जातो. मोठ्या लीगचा एकही संघ नसलेलं मध्यम आकाराचं शहर म्हणूनच कधीकधी पाच संघांच्या महानगरापेक्षा सरस ठरतं.

ओक्लाहोमा सिटीने हेच दाखवून दिलं. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लीन्सचा संघ दोन हंगाम तिथे राहिला. तिथे तोवर मोठ्या लीगचा कायमचा संघ कधीच नव्हता, तरी पहिल्या हंगामात सामन्यामागे १८ हजारांवर लोक आले. चाहत्यांच्या उत्साहाचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही, कारण इथे लोकांनी खरे पैसे मोजून तिकिटं काढली होती. ऑनलाइन मतचाचणी किंवा सह्यांची मोहीम यांना मी फारसं वजन देत नाही. परत न मिळणारी अनामत भरून हंगामी पास कोणी किती राखून ठेवले, हे पाहा.

पायरी ४: मोठ्या कंपन्या मोजा

खाजगी बॉक्स वर्षभरासाठी घेणारे ग्राहक म्हणजे मुख्यतः कंपन्या, बँका आणि वकिलांच्या फर्म. सिएटल परिसरात ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, स्टारबक्स आणि कॉस्टको यांची मुख्यालयं आहेत. लास वेगसमध्ये हे काम कॅसिनो करतात आणि वर्षाला येणारे सुमारे ४ कोटी पर्यटक त्यांच्या मदतीला असतात. छोट्या शहरात एकच मोठी कंपनी असेल तर तिने मुख्यालय हलवलं की काय होईल, हाही विचार करा.

पायरी ५: टीव्हीच्या बाजारपेठेला पूर्वीइतकं महत्त्व देऊ नका

स्थानिक क्रीडा वाहिन्यांचा धंदा बसला आहे. अनेक संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. उलट २०२५-२६ पासूनचा राष्ट्रीय प्रक्षेपण करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे, आणि ते पैसे संघांत सारखे वाटले जातात. त्यामुळे लहान बाजारपेठेचा तोटा काहीसा भरून निघतो.

पायरी ६: मालक आणि मतं

त्याच प्रक्षेपण करारात नव्या संघांना होणाऱ्या विरोधाचं मूळ आहे. वर्षाकाठी सरासरी ६.९ अब्ज डॉलर ३० जणांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २३ कोटी येतात. ३२ जणांत वाटले तर साडेएकवीस. म्हणजे जुन्या मालकांना दर वर्षी दीड कोटीच्या आसपास कमी. बदल्यात नव्या संघाने भरलेलं प्रवेशशुल्क मिळतं आणि त्यात खेळाडूंना वाटा नसतो. १९९५ मध्ये टोरोंटो आणि व्हँकुव्हरने प्रत्येकी साडेबारा कोटी डॉलर भरले, २००४ मध्ये शार्लटने ३० कोटी. २०२५ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा सौदा ६.१ अब्जांवर झाला, तेव्हा आता हे शुल्क अब्जांतच असणार. एवढे पैसे ओतणारा मालक इमारतीच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा मागणारच, म्हणून दुसरी पायरी इतकी निर्णायक आहे.

शहराच्या बाजूने कोण उभं आहे हेही पाहा. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज सिएटलला नेण्याचा सौदा जवळपास ठरला होता. सॅक्रामेंटोचे तेव्हाचे महापौर केविन जॉन्सन स्वतः एनबीएत खेळलेले होते. त्यांनी स्थानिक गट उभा केला, मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे त्याचे प्रमुख झाले आणि शहराने पार्किंगच्या उत्पन्नावर कर्ज काढून इमारतीसाठी पैसा उभारला. मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं.

मात्र शहराचा पैसा आला म्हणून आपोआप जास्त गुण देऊ नका. ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या इमारतीसाठी एक टक्का विक्रीकर मंजूर केला आणि संघाचा वाटा आहे फक्त ५ कोटी. संघ त्यामुळे टिकेल, पण अशा खर्चाने शहराची अर्थव्यवस्था फारशी वाढत नाही, असंच बहुसंख्य अर्थतज्ज्ञ सांगत आले आहेत. संघ टिकवण्याची किंमत रहिवाशांना पेलवेल का, हा प्रश्न पारख करणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

आता शहरं रांगेत लावा

लुईव्हिल आणि कॅन्सस सिटी दुसऱ्या पायरीवरच अडखळतात. सॅन डिएगोत तीसेक लाखांवर लोक आहेत आणि हवा सुरेख, पण रॉकेट्स आणि क्लिपर्स हे दोन संघ तिथून गेले आणि जुनी इमारत १९६६ ची आहे. नवी उभी राहीपर्यंत या शहराला बाजूला ठेवावं.

मेक्सिको सिटीवर मी जास्त वेळ घालवेन. महानगरात दोन कोटींहून अधिक लोक आहेत, सुमारे २२ हजारांची आधुनिक इमारत आहे आणि कापितानेस हा संघ २०२१ पासून एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये खेळतो. अडचणी आहेत त्या पेसो-डॉलरच्या चढउताराच्या, करांच्या, लांबच्या प्रवासाच्या आणि २,२४० मीटर उंचीच्या. २०१३ मध्ये जनरेटरच्या बिघाडाने सभागृह धुराने भरलं आणि तिथला एक सामना रद्द करावा लागला. दूरच्या विचाराने हे शहर फार मोलाचं आहे, फक्त पहिल्या फेरीत त्याला घेऊ नये.

लास वेगसचा दावा भक्कम आहे. एनबीएची उन्हाळी लीग २००४ पासून तिथे भरते, टी-मोबाइल अरीना २०१६ मध्ये खाजगी पैशातून उभं राहिलं आणि गोल्डन नाइट्स या संघाने हॉकीला लोक येतात हे सिद्ध केलं. पण २०१६ पर्यंत एकही मोठा संघ नसलेल्या या शहरात आता हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल आहे, महिला बास्केटबॉलमधला एसेस आहे, आणि बेसबॉल संघ वाटेवर आहे. तिसऱ्या पायरीचा भागाकार इथे पर्यटकांशिवाय जमत नाही. नवा संघ स्वतःची इमारत बांधणार की हॉकी संघाच्या शेजारी भाडेकरू होणार, हे ठरेपर्यंत मी या शहराला दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

पहिला क्रमांक निःसंशय सिएटलचा. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, जवळपास दोन कोटी किलो वजनाचं संरक्षित छत तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं गेलं, खालची जमीन खोल खणली गेली आणि त्याच छताखाली २०२१ मध्ये क्लायमेट प्लेज अरीना उघडलं. खर्च अब्ज डॉलरच्या वर गेला आणि तो खाजगी होता, त्यामुळे २००६ च्या मतदानाने घातलेली अट आडवी आली नाही. ज्या कारणाने संघ गेला ते कारणच उरलेलं नाही. एकच गोष्ट बारकाईने पाहायची आहे. क्रॅकन हा हॉकी संघ तिथे आधीपासून आहे. बॉक्स, जाहिराती आणि खानपानाच्या उत्पन्नाची वाटणी त्याच्यात आणि नव्या बास्केटबॉल मालकात कशी होते, ते करार जाहीर झाला की सर्वांत आधी वाचा.