हवाईतील ज्वालामुखी उद्यान एका दिवसात पाहताना

हवाईच्या बिग आयलंडवरील ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान एका दिवसात पाहायचे असेल, तर मुक्काम हिलोला ठेवणे सोयीचे, कारण तेथून उद्यान सुमारे ४८ किलोमीटरवर आहे, तर पश्चिम किनाऱ्यावरील कोनाहून नुसत्या जाण्यालाच दोन तासांहून अधिक वेळ लागतो. उद्यानातील किलाउएआ ज्वालामुखीचा उद्रेक सध्या सुरू आहे का आणि कोणते रस्ते बंद आहेत, हे निघण्याच्या दिवशीच उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावे.

गर्दी होण्यापूर्वी किलाउएआ इकी या विवराची पायवाट धरावी. नेच्यांच्या दाट रानातून सुमारे १२० मीटर उतरून ती १९५९ च्या उद्रेकातील थिजलेल्या लाव्हाच्या तळ्यावर येते. तेथे भेगांतून अजूनही वाफ निघते आणि काळ्या फटीत रुजलेल्या ओहियाला लालभडक फूल आलेले दिसते. (दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, बेसाल्ट, वय मात्र कोट्यवधी वर्षांनी कमी.) सपाता घालून येथे उतरणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण हा खडक काचेसारखा कापतो.

दुपारी चेन ऑफ क्रेटर्स रस्त्याने समुद्राकडे जावे, परंतु सुमारे ३० किलोमीटरच्या या उतारावर पेट्रोल मिळत नाही, म्हणून टाकी आधीच भरावी आणि डबा व पाणी सोबत घ्यावे. किलाउएआचा माथा बाराशे मीटरवर असल्याने तेथे पाऊस व गारठा अचानक येतो. दमेकरी व गर्भवतींनी गंधकाच्या धुरापासून दूर राहावे. उद्रेक सुरू असल्यास अंधार पडेपर्यंत थांबावे. बॅटरी मात्र विसरू नये.