वृषणाची स्लाइड कशी वाचायची, व्हेटरनरीला नवीन आलेल्यांसाठी

परभणीला व्हेटरनरीला ॲडमिशन झालं की पहिल्याच वर्षी ॲनाटॉमीत हिस्टॉलॉजी येते, आणि टेस्टिसची स्लाइड लावली की लो पॉवरवर नुसती गोल गोल वेटोळी दिसतात, सगळी सारखीच. ही वेटोळी म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या नळ्यांचे आडवे काप. माझं सांगणं एकच, ती चित्र म्हणून पाठ करू नका, नळीच्या कडेपासून मध्याकडे वाचत जा, कारण जितकं आत जाल तितकी पेशी वयानं पुढं गेलेली असते.

हाय पॉवरवर एकच नळी धरा. कडेला बेसमेंट मेंब्रेनला, म्हणजे नळीच्या बाहेरच्या पातळ पडद्याला, चिकटून स्परमॅटोगोनिया, म्हणजे सुरुवातीच्या मूळ पेशी, त्याच्या आत प्रायमरी स्परमॅटोसाइट, मोठं न्यूक्लियस आणि धाग्याधाग्याचं क्रोमॅटिन, मग गोल स्परमॅटिड, मग लांबट झालेले, शेपट्या मधल्या पोकळीकडे. सेकंडरी स्परमॅटोसाइट शोधत बसू नका, ते लगेच दुसरं विभाजन करून मोकळे होतात म्हणून क्वचितच सापडतात. शेजारची नळी वेगळी दिसली तर घाबरायचं नाही, प्रत्येक नळीचा तुकडा शुक्राणू बनण्याच्या चक्राच्या वेगळ्या टप्प्यावर असतो.

सर्टोली पेशी, म्हणजे शुक्रपेशींना आधार देणाऱ्या पेशी, मात्र नीट शिकाच, व्हायवात हमखास विचारतात. फिकट न्यूक्लियस, ठळक न्यूक्लिओलस, आणि पेशी कडेपासून पोकळीपर्यंत पसरलेली. शेजारशेजारच्या सर्टोली तळाजवळ एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, तोच ब्लड-टेस्टिस बॅरियर, रक्त आणि आतल्या शुक्रपेशींमधली भिंत. तो लागतो कशाला? तर शुक्रपेशी वयात आल्यावर तयार होतात, तोवर शरीराच्या प्रतिकारशक्तीला आपलं कोण परकं कोण हे कळून गेलेलं असतं, मग या नव्या पेशींना ती परकं समजेल ना. मला सगळ्या हिस्टॉलॉजीत हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

नळ्यांच्या मधल्या जागेत लेडिग पेशी, एलएच या पिट्युटरीच्या हार्मोनच्या हुकमावर टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या. घोडा आणि डुकरात त्या भरपूर असतात, त्यावरून स्लाइड ओळखायला मदत होते. आणि स्वतः बोकडाचा नमुना आणून स्लाइड बनवणार असाल तर साध्या फॉर्मॅलिनपेक्षा बुइन्स या फिक्सेटिव्हमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) टाका, फॉर्मॅलिनमध्ये नळ्या आकसतात न् थर विस्कटतात.

आता हे आपल्याकडं कुठं कामाला येतं ते बघा. वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड लागतं, आणि मराठवाड्यातला मे महिना तुम्हाला माहितीये. वळूत नळीतलं एक चक्र साधारण 13.5 दिवसांचं, आणि स्परमॅटोगोनियापासून शुक्राणू व्हायला 61 दिवस, वर एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीतून, बाहेर यायला आठवडाभर तरी. म्हणजे मे मधल्या उन्हानं स्परमॅटोसाइट मेले तर त्याचा फटका जून-जुलैत दिसतो, तेव्हा वरून पाऊस पडलेला, वळू दिसायला धडधाकट. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, की शेतकरी म्हणणार गायीतच दोष आहे. अशा वेळी देवणी वळूचं सिमेन तपासायला घ्या, आणि मधे दोन-अडीच महिने गेल्यावर परत तपासा, तोवर नवीन खेप तयार झालेली असते.