समुद्र नसलेल्या गावातून खाऱ्या पाण्याच्या कायद्याकडे

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांच्या कायद्यात काम करायचे आहे, असे कोल्हापुरातल्या एलएल.बी.च्या विद्यार्थ्याने म्हटले, की ‘इथं समुद्र कुठाय?’ हा प्रश्न ठरलेलाच. प्रश्न रास्त असला, तरी हे काम मुख्यतः निविदा, करारनामे आणि मंजुऱ्यांच्या फायलींचे आहे, आणि त्या वाचण्याचा सराव पंचगंगेकाठी बसूनही होतो.

या विषयाला वाहिलेला स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही, त्यामुळे नवख्याला सुरुवातीला हाती काहीच लागत नाही. पाणी राज्यसूचीत आहे. किनाऱ्यावरील बांधकाम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने बांधलेले आहे. आणि प्रकल्पातून उरणाऱ्या अतिखाऱ्या पाण्याच्या विसर्गासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. एवढे एका महिन्यात वाचून होते.

खरे पाणी मुरते ते निधीत, आणि त्यासाठी चेन्नईइतके चांगले उदाहरण नाही. २०१० मध्ये सुरू झालेला मिंजूरचा रोज १० कोटी लिटरचा प्रकल्प खाजगी कंपनीने उभारला आणि पाणीपुरवठा मंडळाने पाणी विकत घेण्याचा करार केला. २०१३ मधील नेम्मेलीचा तेवढ्याच क्षमतेचा प्रकल्प केंद्राच्या निधीतून झाला. त्याशेजारचा १५ कोटी लिटरचा जर्मन विकास बँकेच्या मदतीने झाला, तर पेरूरच्या ४० कोटी लिटरच्या प्रकल्पासाठी जपानचे कर्ज आहे. शहर एकच, पण प्रत्येक वेळी जोखीम निराळ्या खांद्यावर.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वरिष्ठांनी मला कराराचा मसुदा शेवटून, म्हणजे देयकांच्या परिशिष्टापासून, वाचायला लावला होता, आणि आजही मी तसाच वाचतो. एक हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणून वीजदर वाढल्यास वाढीव बोजा कोणी सोसायचा हे कलम मी आधी शोधतो. दुसरे कलम किमान खरेदीचे: धरण भरलेले असले, तरी ठरलेल्या पाण्याचे पैसे द्यावेच लागतात का? कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात स्थानिक जलप्राधिकरण तीस वर्षांसाठी अशा किमान खरेदीने बांधले गेले आहे. कार्ल्सबाडचा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचाच हंटिंग्टन बीचचा प्रस्ताव मात्र किनारा आयोगाने २०२२ मध्ये फेटाळला, त्यामुळे तिथे पैशाचा प्रश्नच उरला नाही.

सरावासाठी परदेशी कागद लगेच हाती घेऊ नयेत, असे माझे मत आहे. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात आले. तिच्यासाठी केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी कसा वाटा उचलला, हे शासन निर्णयांतून स्वतः जुळवून पाहावे. महापालिकेच्या हिश्शाची तरतूद अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली दिसते, हे शोधताना बरीच दमछाक होते, पण मुलाखतीत नेमके तेच विचारले जाते.

वादांच्या बाजूने काम करायचे असल्यास कोल्हापूरला पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ जवळ पडते. पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत दाखल करावे लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत मुभा मिळते, त्यानंतर नाही. म्हणून पक्षकार समोर बसताच मंजुरी कोणत्या तारखेला कळवली गेली, हे आधी विचारावे.