वजन कमी करण्याच्या बायपासनंतर पित्तनलिकेत खडा? आधी ऑपरेशन नोट काढा

मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेला पेशंट कावीळ घेऊन आला की नातेवाइकांना मी पहिलं विचारते, "ऑपरेशन कोणतं झालं होतं?" उत्तर येतं, "ते पोटाचं, दुर्बिणीतून." पोटावरचे चार-पाच बारीक व्रण स्लीव्हचे (जठराचा मोठा भाग कापून काढतात) आणि बायपासचे (जठराची लहान पिशवी करून तिला आतडं जोडतात, उरलेलं जठर आतच राहतं) सारखेच दिसतात, त्यावरून काही कळत नाही. डिस्चार्ज कार्डवर भागवू नका, ऑपरेशन नोटच मागून घ्या. आतड्याचा कोणता भाग किती सेंटिमीटर ठेवला ते तिच्यात सापडतं, आणि पुढचा बेत त्यावरच ठरतो.

स्लीव्ह असेल तर बहुधा तोंडातून नेहमीची ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीची नळी (स्कोप) घालून पित्तनलिकेतला खडा काढणं, होते. बायपासमध्ये पित्तनलिका जिथे उघडते तो आतड्याचा भाग अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडलेला असतो. आपल्याकडच्या मिनी बायपासमध्ये (आतड्याचा एकच जोड असतो) तिथे पोहोचायला दीड-दोन मीटर आतडं उलटं चढावं लागतं, आणि ईआरसीपीचा स्कोप असतो जेमतेम सव्वा मीटर. बलून लावलेला लांब स्कोप कधी पोहोचतो, कधी नाही. रू-एन-वाय बायपास (आतड्याचे दोन जोड असलेला प्रकार) असेल आणि पित्ताशय अजून पोटात असेल, तर मला लॅप्रोस्कोपीची वाट पटते: सर्जन मागे राहिलेल्या जठराला छिद्र करतात, तिथून स्कोप घालून खडा काढतात, पित्ताशयही त्याच बैठकीत निघतं. काही मोठ्या केंद्रांत सोनोग्राफीच्या स्कोपने लहान पिशवी आणि मागे राहिलेलं जठर यांच्यामध्ये धातूचा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) बसवून रस्ता करतात. सर्जन थेट पित्तनलिका उघडूनही खडा काढू शकतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, यातलं इथे नेहमी काय होतं?

थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, बरगडीखाली दुखणं, हे एकत्र आलं तर सकाळची वाट बघू नका. जंतुसंसर्ग झालेलं पित्त तातडीने बाहेर काढावं लागतं. गरज पडल्यास यकृतातून नळी घालून. नुसतंच पोट दुखत असलं तरी खडाच आहे असं धरू नका. बायपासनंतर आतडं आतल्या आत अडकू शकतं, त्यासाठी सीटी लागतो. घरी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अजिबात घेऊ नका, जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो.

पित्तनलिकेत प्लॅस्टिकचा स्टेंट ठेवला असेल तर काढायची तारीख फाइलच्या वरच्या पानावर लिहून घ्या. बरं वाटतंय म्हणून पेशंट येत नाहीत, आणि स्टेंट तीनेक महिन्यांत तुंबतो.