प्रोसेस थांबताना रजिस्टरे कशी जपावीत: कर्नलमध्ये कॉन्टेक्स्ट स्विच लिहिण्याची पद्धत

एकाच प्रोसेसरवर अनेक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, आलटून-पालटून चालवायच्या (यालाच कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात) असतील, तर थांबवलेली प्रोसेस पुन्हा चालू होताना आपण मध्येच थांबलो होतो याचा तिला पत्ताही लागता कामा नये. ही हमी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, देतो, आणि ती रजिस्टरांच्या, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांच्या, जपणुकीवर उभी असते. येथे ६४-बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आणि एमआयटीत अध्यापनासाठी लिहिलेला एक्सव्ही६ हा छोटा कर्नल समोर ठेवला आहे, कारण त्यातील हा भाग एका बैठकीत वाचून होतो आणि त्यातली कल्पना मोठ्या कर्नलांतही तशीच आढळते.

कोडला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. रजिस्टरे दोनदा जपली जातात, दोन वेगळ्या जागी आणि दोन वेगळ्या कारणांसाठी. यूजर प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये शिरताना त्या प्रोग्रॅमची सगळी रजिस्टरे ट्रॅपफ्रेम नावाच्या मेमरीतील रचनेत जातात. त्यानंतर कर्नलने दुसरी प्रोसेस चालवायचे ठरवलेच, तर कर्नलची स्वतःची अर्धवट राहिलेली कामगिरी कॉन्टेक्स्ट नावाच्या लहान रचनेत जाते. नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतो, असा माझा अनुभव आहे.

आधी ट्रॅपफ्रेम घ्या. ट्रॅप, म्हणजे प्रोग्रॅमने केलेली मागणी (सिस्टम कॉल), उपकरणाचा किंवा टायमरचा व्यत्यय (इंटरप्ट) किंवा एखादी चूक यांमुळे कर्नलमध्ये शिरणे, घडताच हार्डवेअर फार थोडे काम करते: थांबलेल्या सूचनेचा (इन्स्ट्रक्शनचा) पत्ता एसईपीसी या खास रजिस्टरमध्ये आणि ट्रॅपचे कारण एसकॉजमध्ये ठेवते, इंटरप्ट बंद करते आणि एसटीव्हेकमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर उडी घेते. स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मूल्ये ठेवण्याची मेमरी) बदलत नाही, पेज टेबलही (मेमरीच्या पत्त्यांचा तक्ता) बदलत नाही, आणि ३१ सर्वसाधारण रजिस्टरांमध्ये यूजरचीच मूल्ये राहतात. येथे पेच असा पडतो की मेमरीत काही लिहायचे तर तिचा पत्ता कोणत्यातरी रजिस्टरमध्ये हवा, आणि मोकळे रजिस्टर तर एकही नाही. एसस्क्रॅच हे खास रजिस्टर यासाठीच दिलेले आहे. ए-० या सर्वसाधारण रजिस्टरचे मूल्य क्षणभर तेथे ठेवावे, ए-० मध्ये ट्रॅपफ्रेमचा पत्ता घ्यावा, उरलेली ३० रजिस्टरे एकेक करून लिहावीत आणि शेवटी एसस्क्रॅचमधून ए-० चे मूळ मूल्य काढून तेही लिहावे. एक्सव्ही६ मधील ट्रॅपफ्रेममध्ये या ३१ मूल्यांखेरीज थांबलेल्या सूचनेचा पत्ता आणि कर्नलला लागणाऱ्या आणखी ४ नोंदी असतात. ३६ नोंदींचे प्रत्येकी ८ बाइट धरले तर एकूण २८८ बाइट होतात. ट्रॅप सिस्टम कॉलमुळे आला असेल तर जपलेल्या पत्त्यात ४ मिळवायला विसरू नये, नाहीतर परत गेल्यावर तोच कॉल पुन्हा पुन्हा होत राहील.

आता कॉन्टेक्स्ट. यात फक्त १४ रजिस्टरे असतात: आरए (परतण्याचा पत्ता), एसपी (स्टॅकच्या टोकाचा पत्ता), आणि एस-० ते एस-११ (बोलावलेल्या फंक्शनने जशीच्या तशी परत द्यायची रजिस्टरे). म्हणजे ११२ बाइट. बाकीची का नकोत, हा प्रश्न योग्य आहे. प्रोसेस बदलणारे फंक्शन सी भाषेतून साध्या कॉलने बोलावले जाते, आणि कॉलच्या ठरलेल्या नियमांनुसार इतर रजिस्टरांतले जे मूल्य पुढे लागणार असेल ते कंपायलरने आधीच स्टॅकवर ठेवलेले असते. स्टॅक सुरक्षित राहिला की ती मूल्येही सुरक्षित राहतात, म्हणूनच प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र कर्नल स्टॅक द्यावा लागतो.

बदल करणारे असेम्ब्ली फंक्शन निवांतपणे वाचण्यासारखे आहे. ए-० मध्ये जुन्या कॉन्टेक्स्टचा पत्ता येतो, ए-१ मध्ये नव्याचा. पहिल्या १४ सूचना रजिस्टरे जुन्यात लिहितात, पुढच्या १४ नव्यातून वाचतात, आणि शेवटी साधा रिटर्न असतो. प्रोग्रॅम काउंटर (चालू सूचनेचा पत्ता) कोठेच जपलेला दिसत नाही. त्याची गरजही नसते, कारण आरए आता नव्या प्रोसेसचा झालेला असतो आणि रिटर्न त्याच पत्त्यावर जातो. फंक्शनमध्ये शिरतो एका स्टॅकवरून आणि बाहेर पडतो दुसऱ्याच स्टॅकवर. मला अजूनही या एका ओळीपाशी थांबावेसे वाटते.

आधी कधीच न चाललेल्या प्रोसेसकडे परतण्याजोगी जागा नसते, म्हणून ती हाताने तयार करावी: कॉन्टेक्स्ट शून्याने भरावा, आरएमध्ये पहिल्यांदा चालवायच्या कर्नल फंक्शनचा पत्ता ठेवावा आणि एसपीमध्ये तिच्या कर्नल स्टॅकच्या वरच्या टोकाचा, कारण स्टॅक खाली वाढतो.

प्रोसेसर एकापेक्षा अधिक असतील तर क्रमाला फार महत्त्व येते. प्रोसेसला ‘चालण्यास तयार’ म्हणून खूण करण्याआधी तिचे लॉक (एका वेळी एकाच प्रोसेसरला हात लावू देणारे कुलूप) घ्यावे, आणि ते तिची रजिस्टरे पूर्ण लिहून झाल्यावर पुढची प्रोसेस निवडणाऱ्या शेड्युलरच्या बाजूला सोडावे. लॉक मध्येच सोडले तर दुसरा प्रोसेसर तीच प्रोसेस उचलतो आणि दोघेही एकाच स्टॅकवर चालू लागतात. इंटरप्ट कर्नलच्या कोडमध्ये असताना आला, तर रजिस्टरे चालू कर्नल स्टॅकवरच ठेवावीत. मात्र एसईपीसी आणि एसस्टेटस (प्रोसेसरची स्थिती सांगणारे रजिस्टर) यांची मूल्ये स्थानिक चलांत घेऊन परतण्यापूर्वी पुन्हा बसवावीत, कारण मध्ये दुसरी प्रोसेस चालून गेली तर तिच्या ट्रॅपने ती पुसलेली असतात.

फ्लोटिंग पॉइंटची (अपूर्णांक संख्यांची) ३२ रजिस्टरे एक्सव्ही६ जपत नाही. तुमच्या प्रोग्रॅमांना ती लागत असतील तर एसस्टेटसमधील एफएस या दोन बिटांवरून ती बदलली आहेत का ते पाहून, बदलली असतील तेव्हाच लिहून ठेवता येतात. नवी मूल्ये बसवण्याचे काम मात्र पहिल्या वापरापर्यंत लांबवू नये. इंटेलच्या प्रोसेसरांवर असा आळशी बदल केल्यास दुसऱ्या प्रोसेसची मूल्ये फुटू शकतात, हे २०१८ मध्ये उघड झाले.

शेवटी तपासणी. मी एकदा एस-६ साठी ६४ ऐवजी ५६ हा ऑफसेट (कॉन्टेक्स्टच्या सुरुवातीपासूनचे बाइटांतले अंतर) लिहिला होता, लिहिताना आणि वाचतानाही. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर एस-५ मध्ये एस-६ चे मूल्य येई. साधे प्रोग्रॅम बिनचूक चालत, कारण यूजरची रजिस्टरे ट्रॅपफ्रेममध्ये सुखरूप होती. फक्त पाइपमध्ये (एका प्रोसेसकडून दुसरीकडे मजकूर नेणाऱ्या मार्गात) बराच मजकूर लिहिताना, कर्नलच्या एका लांब फंक्शनमध्ये, मोजणी बिघडे. दोन दिवस मी पाइपचाच कोड तपासत बसलो. म्हणून दोन चाचण्या वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिलीत यूजर प्रोग्रॅम रजिस्टरांत ठराविक मूल्ये भरून, कोणताही सिस्टम कॉल न करता, टायमरचे अनेक इंटरप्ट होईपर्यंत ती तपासत राहील. दुसरी कर्नलमध्ये असेल: असेम्ब्लीतील एक छोटे फंक्शन आपल्या एस-० ते एस-११ ची मूळ मूल्ये स्टॅकवर ठेवील, त्यांत १२ वेगवेगळ्या संख्या भरील, प्रोसेसर सोडणारे फंक्शन बोलावील आणि परतल्यावर एकेक संख्या ताडून पाहील. संख्या वेगवेगळ्याच असाव्यात, कारण सगळीकडे एकच संख्या भरली तर माझ्यासारखी चूक पकडलीच जात नाही.